चौथा थर

"मामा, टोक धरा," अनुजा म्हणाली.

मी पट्टीचं एक टोक धरलं. तिने दुसरं टोक पोटाशी टेकवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्टी मधोमध दाबली. खट्! पट्टी आमच्या हातांतून सुटली, सरसर गुंडाळत गेली आणि टेबलावर पडली. आम्ही दोघांनी एकदमच माना खाली घातल्या.

तिरकी. सुताराच्या रंध्यातून निघालेल्या सालीसारखी, पीळ घेत एका बाजूला सरकलेली.

"तेविसावी," ती म्हणाली. मग स्टुलावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे टाकले. "मामा, हा पीळ येतो कुठून हो?"

तो मंगळवार होता. शुक्रवारी तिची समिती बसणार होती.

याला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. उमेदीची वर्षं करंज्याच्या बंदरावर फायबरच्या होड्या बांधण्यात गेली, आणि नंतरची एकोणीस एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत. काम एकच. राळ मुरवलेलं काचेचं कापड फ्रीजरमधून काढायचं, कागदावर दाखवलं असेल तसं कापायचं, साच्यावर एकावर एक थर लावायचे, वरून पिशवी घालून हवा खेचायची आणि भट्टीत भाजायचं. पीएच.डी. करणारी मुलं कागद आणायची, मी वस्तू करून द्यायचो. सगळी मला मामा म्हणायची. परचुरे सर, म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख आणि अनुजाचे मार्गदर्शक, पाहुण्यांना माझ्यापर्यंत आणून सांगायचे, "हे आमचे हरेश्वर तांडेल. यांचा हात चुकत नाही."

अनुजा शेंडगे जतची. वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यामुळे की काय, पण ती कागद टेबलावर टाकून निघून जाणाऱ्यांतली नव्हती. माझ्या शेजारी उभी राहायची, काच टोचलेली बोटं साबणाने धुवायची आणि माझा डबा बिनधास्त उघडून त्यातली बोंबिलाची चटणी खायची.

तिची पट्टी म्हणजे हातभर लांब, चार बोटं रुंद आणि उभ्या चिरलेल्या बांबूसारखी खोलगट. जाडी पोस्टकार्डापेक्षा थोडी जास्त. तशी धरली तर काठीसारखी ताठ. मध्ये दाबली की उलटते आणि स्वतःची गुंडाळी करून घेते. नवल पुढेच आहे. हात काढला तरी ती उलगडत नाही. खिट्टी नाही, दोरा नाही, गुंडाळलेलीच राहते. पुन्हा टोकाला धरून उपडी केली की खट्, ताठ. एका वस्तूला दोन घरं, आणि दोन्ही घरांत ती सुखात. उपग्रहात अशी वस्तू गुंडाळून न्यायची आणि वर गेल्यावर उलगडून तिची लांब दांडी करायची, असा पुढचा बेत होता.

ती दुसऱ्या घरात कशी बसेल, किती गोल होईल, सरळ बसेल की तिरकी, हे आधीच गणिताने सांगायचं, हा अनुजाचा अभ्यास. कॉम्प्युटरवर तिने मला चित्र दाखवलं होतं. दोन खड्डे आणि मध्ये उंचवटा. "गोटी या खड्ड्यात असली तर पट्टी ताठ. ढकलून उंचवट्यापलीकडे नेली की या दुसऱ्या खड्ड्यात पडते, म्हणजे गुंडाळते." तिचं गणित म्हणत होतं, की पट्टी फितीच्या रिळासारखी सरळ, कडेला कड लावून गुंडाळेल. पीळ शून्य. आणि माझ्या हातच्या तेवीसच्या तेवीस पट्ट्या पीळ घेत होत्या. बरं, पीळही दर वेळी तेवढाच. कमी नाही, जास्त नाही.

चौदा महिने हेच चाललं होतं. ती विचारायची आणि मी मनापासून उत्तर द्यायचो. मी म्हटलं, दमट हवा असेल. तिने दोन महिने हवेतला दमटपणा गणितात घातला. मी म्हटलं, भट्टीची मागची बाजू जास्त तापते. तिने भट्टीत सोळा ठिकाणी तापमान मोजलं. मी म्हटलं, कापडाचा गठ्ठा जुना आहे. तिने परचुरे सरांशी भांडून नवा गठ्ठा मागवला. पीळ जागचा हलला नाही.

"शुक्रवारी नाही जुळलं तर?" मी त्या मंगळवारी विचारलं.

"तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. सरांनी आडून सांगितलं नाही, सरळच सांगितलं. बाहेरून खानापूरकर सर येणार आहेत. ते तर पट्टी बघूनच विचारतील, बाई, तुमचं गणित कोणत्या देशातल्या पट्टीचं आहे?"

मी हसलो. तीही हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत.

बुधवारी दुपारी ती चहाचे दोन ग्लास घेऊन माझ्याकडे आली. चेहरा असा, जसा आजारातून उठलेल्या माणसाचा असतो.

"मामा, मी ठरवलंय. माझं गणित चुकलं, असं सांगून टाकते. पिळासाठी एक आकडा बाहेरून घालते. तो घातला की तेवीसच्या तेवीस पट्ट्या जुळतात."

"मग झालं की!"

"काय झालं? भाजी खारट झाली म्हणून वरून पाणी ओतल्यासारखं आहे ते. मीठ कुणी जास्त टाकलं, ते कुठे कळलं? पण नोंदणी वाचेल कदाचित." तिने चहाचा एक घोट घेतला. "वाईट याचं वाटतं, की मूळ कल्पनाच गेली. किती विचार करून मी ते थर मांडले होते."

"कसला विचार?" मी सहज विचारलं. चौदा महिन्यांत हे मी कधी विचारलं नव्हतं.

तिने ग्लास खाली ठेवला आणि डावा तळवा उताणा धरला. "हे बघा. पट्टीत पाच थर. मधल्याचे धागे सरळ, तो सोडा. बाकीचे चार तिरपे. उजवीकडे तिरपा असलेला थर गुंडाळताना पट्टीला एका बाजूला पिळतो, डावीकडचा दुसऱ्या बाजूला. आणि जास्त जोर चालतो तो सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या थराचा. म्हणून मी खालचा उजवा ठेवला आणि वरचा डावा. दोघं एकमेकांविरुद्ध ओढतात आणि पीळ मरतो. उजवा, डावा, सरळ, उजवा, डावा. कळलं?"

"आणि... वरचाही उजवाच असला तर?"

"म्हणजे आरशासारखं? खाली जसं तसंच वर? छे! मग दोघं एकाच बाजूला ओढणार. पीळ येणारच. हमखास."

माझ्या हातातला ग्लास मी टेबलावर ठेवला. माझ्या कानांत भट्टीच्या पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. ती पुढे काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते.

खाली जसं तसंच वर. तेवीसच्या तेवीस पट्ट्या मी अशाच केल्या होत्या.

करंज्याला माझे उस्ताद इब्राहिम होते. विशीत मी होडीच्या खणाचं झाकण केलं. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर उन्हात टाकलेल्या पापडासारखं वाकडं झालेलं. उस्तादांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाले, "पोटाला जसं कापड, तसंच पाठीला. मधून आरसा धरल्यासारखं. हे विसरलास तर माल वाकडा होणार." ते मी जन्मात विसरलो नाही. अनुजाचा पहिला कागद आला, तेव्हा त्यावरच्या रेघा पाहिल्या आणि लगेच लक्षात आलं, की चौथा आणि पाचवा थर उलट पडलाय. पोर नवी आहे, घाईत चुकली. मी ते दोन थर गुपचूप सुलट केले. तिच्याशी बोललो नाही. शिकणाऱ्याची चूक बोलून दाखवायची नाही, हातासरशी दुरुस्त करायची, अशी माझी रीत होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. दुसरं एक कारण होतं, ते मी तेव्हा स्वतःलाही सांगत नव्हतो. मला वाचता येत नव्हतं. रेघा कळायच्या, कागदावरची अक्षरं नाही. वाद घातला असता तर तो कागदावर गेला असता, आणि कागदावर मी हरलो असतो.

पट्टी भाजून झाली, की मी तिला दोन्ही अंगांनी पांढरा रंग मारून वर काळे ठिपके द्यायचो. कॅमेऱ्याला हालचाल टिपायला ते लागतात. त्या रंगाखाली थर कसे आहेत, हे कुणालाच दिसत नव्हतं.

"मामा? काय झालं?" अनुजा विचारत होती.

मी तोंड उघडलं. सांगायचंच होतं. पण शब्द निघाले ते असे : "चहा निवला, ताई."

गुरुवारी मी कुणाला काही न सांगता कामाला लागलो. सकाळी कापड काढलं, तिचा कागद समोर खिळला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनाविरुद्ध थर लावले. उजवा, डावा, सरळ, उजवा, डावा. चौथ्या थराला माझा हात दोनदा मागे आला. दुपारी भट्टीतून काढली, रंग मारला. एकटा असताना दाबून बघायची छाती झाली नाही. मनाशी म्हटलं, पट्टीच बोलेल. सगळ्यांसमोर ती सरळ गुंडाळेल, ताईचं गणित खरं ठरेल, आणि मला तोंड उघडावंच लागणार नाही.

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसली. परचुरे सर, खानापूरकर सर आणि समोर अनुजा. टेबलावर तेवीस पट्ट्या एकीशेजारी एक मांडलेल्या. खानापूरकर बुटके, टकले आणि आवाजाने मऊ. तसल्या मऊ आवाजाची मला नेहमीच भीती वाटते.

अनुजा फळ्यापाशी उभी राहून सांगत होती, "माझ्या मूळ गणितात काही त्रुटी होती. पीळ धरण्यासाठी मी एक सुधारणा केली आहे..."

मी दार ढकलून आत गेलो. "सर, ही अजून एक आहे. काल केलेली."

तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं. पण तिने पट्टी घेतली, टोक पोटाशी टेकवलं, दाबली.

खट्.

पट्टी सरळ गुंडाळली. कडेला कड लागून, फितीच्या रिळासारखी. टेबलावर उभी राहिली आणि उभीच राहिली.

 अनुजाचा हात तोंडाशी गेला. परचुरे सर खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच राहिले. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग खानापूरकरांनी ते रीळ उचललं, उजेडात धरून फिरवलं आणि हळूच विचारलं, "ही काल केली?"

"हो सर," मी म्हणालो.

"चौदा महिन्यांत तेवीस तिरक्या. आणि समितीच्या आदल्या दिवशी एक सरळ. शेंडगेबाई, काल काय बदललं?"

"मला... मला माहीत नाही सर."

"माहीत नाही, की सांगायचं नाही? दोन मिनिटांपूर्वी तुम्हीच म्हणालात, मूळ गणित चुकीचं होतं. आता ही पट्टी म्हणते बरोबर होतं. यातलं खोटं कोण? पट्टी की तुम्ही?"

अनुजाचा चेहरा पांढरा पडला. असं होईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी तिला वाचवायला पट्टी आणली होती आणि तीच पट्टी तिच्यावर उलटली होती.

ती माझ्याकडे वळली. "मामा, तुम्ही सांगा ना सरांना. ही कागदाप्रमाणेच केलीत ना?"

"हो."

"आणि आधीच्यासुद्धा. सांगा ना."

परचुरे सर मध्येच म्हणाले, "तो प्रश्नच येत नाही, खानापूरकर. तांडेलांना मी एकोणीस वर्षं ओळखतो. त्यांचा हात चुकत नाही."

 मी टेबलाची कड धरली.

"ही कागदाप्रमाणे केली," मी म्हणालो. "आधीच्या तेवीस माझ्याप्रमाणे केल्या."

"म्हणजे?" परचुरे सर.

"चौथा आणि पाचवा थर मी उलटा लावला. कागदात चूक आहे असं वाटलं मला. सगळ्या पट्ट्यांत."

कुणाला धक्का बसला असेल तर तो मलाच. कारण माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. परचुरे सरांनी मान हलवली, अगदी प्रेमाने. "तांडेल, पुरे. तुमचा चांगुलपणा मला माहीत आहे. पोरीसाठी अंगावर घेऊ नका."

"सर, खरं सांगतोय."

खानापूरकर हसले. "मग असं करा, हे सगळं लिहून द्या. कोणती पट्टी, कोणता थर, कसा लावला. खाली सही करा."

"सर, मला लिहिता येत नाही."

"अहो, मस्टरवर रोज सही करता की!" परचुरे सर म्हणाले.

"तेवढीच येते, सर. वाचायलाही येत नाही."

एकोणीस वर्षं ज्यांनी मला ओळखलं होतं, त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं घरात रोज बसतो त्या खुर्चीला तीनच पाय आहेत असं कळावं. मला सगळ्यांत जास्त लागलं ते तेच. मग मी म्हणालो, "लिहायचं कशाला? यातली कोणतीही एक भट्टीत टाका. रंग जळेल, राळ जळेल, काच राहील. थर मोजून घ्या."

"नाही," अनुजा म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "हे मला सहा महिन्यांपूर्वी एकाने सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. मामांचा तुकडा जाळून बघणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं. मला ते करायचं नव्हतं. आताही नाही करायचं."

"ताई," मी म्हणालो, "टाका भट्टीत."

खानापूरकरांनी डोळे मिटून सातवी पट्टी उचलली. मी तिचा बोटभर तुकडा कापला आणि लहान भट्टीत ठेवला. "सुंभ जळेल, पीळ कळेल," ते परचुरे सरांना म्हणाले आणि दोघं जेवायला गेले.

दोन तास लागणार होते. अनुजा आणि मी भट्टीसमोरच्या बाकावर बसलो. मध्ये एका माणसाची जागा रिकामी. भट्टीवरचे लाल आकडे चढत होते.

"खरं, की माझ्यासाठी?" तिने विचारलं.

"खरं."

"कधीपासून?"

"पहिलीपासून."

"दमट हवा, भट्टीची मागची बाजू, जुना गठ्ठा... ते सगळं तुम्ही..."

"ते मला खरंच वाटत होतं, ताई. बुधवारी तुम्ही हातावर दाखवलंत, तेव्हा कळलं."

"बुधवारी." ती थांबली. "मग बुधवारीच का नाही सांगितलंत? आणि पहिल्या दिवशी? कागद चुकलाय असं वाटलं तर, मामा, मला विचारायचं ना!"

"शिकणाऱ्याची चूक चारचौघांत काढायची नाही म्हणून..."

"चारचौघं कुठे होते?" तिचा आवाज फुटला. "आपण दोघंच होतो. रोज दोघंच होतो!"

ती उठून खिडकीपाशी गेली. पुढचा दीड तास ती तिथेच पाठमोरी उभी होती. मी बसल्या जागी माझे हात बघत होतो.

तुकडा निघाला तेव्हा पांढराफटक होता, फुंकर मारली तर उडेल असा. दोन्ही सर वाकून उभे. अनुजाने चिमटा घेतला.  खालच्या बाजूने एकेक थर उचलून ती काळ्या कागदावर ठेवत गेली.

"पहिला, उजवा," ती मोठ्याने म्हणाली. "दुसरा, डावा. तिसरा, सरळ."

चौथा थर तिने उचलला, ठेवला आणि बघत राहिली. आम्ही सगळेच बघत राहिलो. काळ्या कागदावर पांढऱ्या रेघा डावीकडे पडलेल्या होत्या. लहान मुलालाही दिसल्या असत्या.

"डावा," ती म्हणाली. पाचवा तिने उचललाच नाही.

परचुरे सर खुर्चीवर बसले. खानापूरकरांचा मऊ आवाज प्रथमच जरा घोगरा झाला. "शेंडगेबाई, तुमचं ते मूळ गणित, सुधारणा न केलेलं, ते चालू करता येईल?"

ती कॉम्प्युटरपाशी गेली. मी तिच्या मागे उभा राहिलो, कारण तिने जा म्हटलं नव्हतं. पडद्यावर आकड्यांची एक ओळ होती, प्रत्येक थराला एक आकडा. तिने चौथ्या थराचा आकडा बदलला. पाचव्याचा बदलला. एक बटण दाबलं. आम्ही थांबलो. बाहेर शिपाई कुणाला तरी हाक मारत होता.

पडद्यावर दोन खड्डे उमटले. दुसरा खड्डा जागा सोडून बाजूला सरकला होता. त्याच्या शेजारी पट्टीचं चित्र आलं. गुंडाळलेली. तिरकी. रंध्यातून निघालेल्या सालीसारखी. खाली पिळाचा आकडा होता. अनुजाने आपली वही उघडून शेजारी धरली. तेवीस पट्ट्यांच्या मापांची सरासरी तिथे होती. मला वाचता येत नव्हतं, पण दोन आकडे सारखे आहेत की नाही, एवढं मला दिसत होतं. सारखे होते.

ज्या यंत्राने माझी एकही पट्टी पाहिली नव्हती, त्याने माझी चूक जशीच्या तशी काढून दाखवली होती. गणित पहिल्या दिवसापासून खरं होतं. सरळ पट्टीसाठी खरं, आणि माझ्या वाकड्या पट्ट्यांसाठीही खरं. त्याला कुणी खरं काय ते सांगितलंच नव्हतं.

"नोंदणीचा प्रश्न मिटला," खानापूरकर म्हणाले. "दोन तऱ्हेच्या पट्ट्या, आणि गणित दोन्ही सांगतं. याहून चांगला पुरावा मागून मिळाला नसता."

परचुरे सर काहीतरी म्हणाले, बहुतेक अभिनंदन. अनुजाने ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही. ती घड्याळाकडे बघत होती. मग ती माझ्याकडे वळली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

"पाच मिनिटं, मामा," ती म्हणाली. "दोन आकडे बदलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत."

मला कुणी कामावरून काढलं नाही. परचुरे सरांनी एवढंच केलं, की भट्टीशेजारी एक नवी वही टांगली. जो थर लावेल त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, दुसऱ्याने लिहिलेलं चालणार नाही. पुढचे सात महिने अनुजाने स्वतःचे थर स्वतः लावले. तिने मला तसं तोंडावर सांगितलं आणि मी हो म्हटलं. ती शेजारच्या टेबलावर काम करायची. नमस्कार व्हायचा. माझ्या डब्याला तिने हात लावला नाही.

त्या सात महिन्यांत माझ्या सुनेने मला अक्षरं शिकवली. ती ओट्याशी भाकऱ्या थापायची आणि मी खाली बसून गिरवायचो. चुकलो की म्हणायची, "बाबा, हा ग आहे की गळ?" बावन्नाव्या वर्षी बोटं वळत नाहीत. काचेचं कापड वळवणं सोपं.

आठव्या महिन्यात अनुजाच्या उजव्या मनगटाला दुखापत झाली. पट्टीची नवी जात करायची होती, सात थरांची. तिने कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. "मामा, कराल?" एवढंच म्हणाली आणि गेली.

मी कागद पाहिला. दुसरा थर मला पटला नाही. पुन्हा पुन्हा पाहिला, तरी पटला नाही. मी कागदावर होतं तस्संच सगळं लावलं, पिशवी घातली, हवा खेचली आणि भट्टी सुरू केली. मग ती वही खाली घेतली. एक ओळ लिहायला मला सगळा चहाचा वेळ लागला.

"दुसरा थर मला पटला नाही. कागदाप्रमाणे लावला. ह. तांडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो, तेव्हा वही उघडीच होती. माझ्या ओळीखाली डाव्या हाताने लिहिलेली दुसरी ओळ होती. मला वाचता यावीत म्हणून अक्षरं मोठी काढलेली, एकमेकांपासून सुटी. मी बोट ठेवून एकेक वाचत गेलो.

"का पटला नाही? मी डब्याच्या वेळी येते."